अपग्रेड झालं, माउंट उरले: मागे राहिलेले माउंट ओळखायचे आणि सोडवायचे कसे

अपग्रेड आटोपलं, सर्व्हर नव्या आवृत्तीवर उठला, लॉगिनही मिळालं. मग सवयीने डीएफ (कुठली डिस्क कुठे जोडली आहे आणि किती भरली ते दाखवणारी कमांड) मारलं आणि यादीत चार ओळी जास्तीच्या दिसल्या: एक /एमएनटी/सिसइमेज, एक लूप० (फाइलीला डिस्कसारखं वापरू देणारं डिव्हाइस) वरची आयएसओ फाइल, एक जुन्या रूटचा (मुख्य फाइल सिस्टिमचा) स्नॅपशॉट, आणि एक अशी की जी कुणी लावली हे टीममधल्या कुणालाच आठवत नाही. किंवा त्याहून वाईट: डीएफ मारलं आणि प्रॉम्प्ट परत आलाच नाही.

माउंट म्हणजे एखादी डिस्क किंवा फाइल सिस्टिम फोल्डरांच्या झाडात एका जागी जोडणं, यूमाउंट म्हणजे ती उतरवणं. घर रंगवून झालं तरी परांची तशीच उभी राहावी, तसे हे माउंट. अपग्रेडच्या साधनाला कामापुरता जुना रूट कुठेतरी लावावा लागतो, नवी पॅकेजेस आयएसओमधून वाचावी लागतात, सीएचरूटमध्ये (दुसऱ्या एखाद्या फोल्डरालाच रूट मानून काम करण्यासाठी त्यात)  शिरण्यासाठी /डेव्ह, /प्रॉक आणि /सिस आत जोडून घ्यावे लागतात. काम सुरळीत संपलं तर ते साधन आपलं सामान आपणच आवरतं. मध्येच स्क्रिप्ट अडखळली, एसएसएच तुटलं, कुणी कंट्रोल-सी दाबलं की आवराआवर राहून जाते. रीबूट झाला तर यातलं बरंचसं आपोआप जातं, कारण कर्नलची माउंटची यादी मेमरीत असते. पण ज्या नोंदी फाइलींमध्ये लिहिल्या गेल्या आहेत त्या दर रीबूटला पुन्हा उगवतात, आणि ‘रीबूट करून बघू’ हा उपाय तिथे चालत नाही.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. कमांड, पर्याय आणि पाथ इथे आपण तोंडाने म्हणतो तसे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लहान अक्षरांत टाइप करा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. आणि यूमाउंट लिहिताना ‘यू’च्या पुढे ‘एन’ नाही. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालं, त्यातही ही कमांड एनशिवायच आहे. नवा माणूस एकदा तरी तो एन घालतो आणि ‘कमांड नॉट फाउंड’ बघून डोकं खाजवतो.

नोंद एक नाही, तीन ठिकाणी

सगळा घोळ समजायला एवढं पुरेसं आहे की माउंटची नोंद तीन ठिकाणी असते आणि अपग्रेडनंतर या तिघांचं एकमेकांशी पटत नाही.

पहिली नोंद कर्नलची. ती /प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फो या फाइलीत वाचायला मिळते. या क्षणी खरोखर काय लागलेलं आहे ते फक्त हीच सांगते. दुसरी /ईटीसी/एफएसटॅब: बूट होताना काय लागावं याची तुमची इच्छा. इच्छा लिहिली म्हणजे ती पुरी झाली असं नाही. तिसरी सिस्टिमडीची (बूटपासून सगळ्या सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम): एफएसटॅब शेवटची वाचली तेव्हा त्याला जे समजलं, ते त्याने माउंट युनिट म्हणून स्वतःकडे ठेवलेलं असतं.

आता एखादी संशयास्पद ओळ दिसली की ती या तिघांपैकी कुठे आहे आणि कुठे नाही ते बघा. कर्नलमध्ये आहे पण एफएसटॅबमध्ये नाही, तर ती बहुधा अपग्रेडच्या साधनाने किंवा कुणा माणसाने हाताने लावली आहे. हीच आपली परांची. एफएसटॅबमध्ये आहे पण कर्नलमध्ये नाही, तर माउंट फसला आहे, बहुधा डिव्हाइसचं नाव बदललं म्हणून. फक्त सिस्टिमडीकडेच आहे, तर ते शिळं युनिट आहे. आणि कर्नल व एफएसटॅब दोन्हीकडे आहे पण डिव्हाइस वेगवेगळी आहेत, तर हातातलं सगळं बाजूला ठेवून आधी तेच बघा. त्यावर पुढे वेगळं लिहिलं आहे.

जुन्या सर्व्हरवर चौथं ठिकाणही भेटतं, /ईटीसी/एमटॅब. पूर्वी ही साधी फाइल असायची आणि माउंट कमांड तिच्यात ओळी लिहायची, पुसायची. आता ती /प्रॉक/सेल्फ/माउंट्सकडे बोट दाखवणारी सिम्लिंक असते. पण अनेक आवृत्त्या अंगावर झेलत आलेल्या सर्व्हरवर ती अजून साधी फाइल असू शकते. मग जे प्रोग्रॅम एमटॅब वाचतात त्यांना कधीच निघून गेलेले माउंट भुतासारखे दिसत राहतात. एलएस -एल मारून बघा. बाण दिसला नाही तर फाइलीची नक्कल बाजूला ठेवून सिम्लिंक तयार करा. या भुतांना यूमाउंट करत बसू नका, ती तिथे नाहीतच.

पहिली नजर, हात न लावता

सुरुवात डीएफने करू नका. डीएफ प्रत्येक फाइल सिस्टिमला जाऊन ‘तुझी जागा किती’ असं विचारतं, आणि त्यातली एक जरी मेलेल्या एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटणाऱ्या) सर्व्हरवरची असली तर तिथेच बसून राहतं. त्याऐवजी:

फाइंडएमएनटी --रिअल

ही कमांड नुसती कर्नलची यादी वाचते, कुणालाही काही विचारत नाही, म्हणून अडकत नाही. ‘रिअल’ पर्यायामुळे प्रॉक, सिसएफएस, सीग्रुप असल्या आभासी फाइल सिस्टिम गळतात आणि यादी डोळ्यांना झेपेल एवढी होते. अगदी डीएफच हवं असेल तर -एल लावा, म्हणजे ते फक्त स्थानिक डिस्कपुरतं राहील.

याच वेळी तीन-चार गोष्टी फाइलीत जपून ठेवा: पर्यायाशिवाय चालवलेल्या फाइंडएमएनटीचं पूर्ण आउटपुट, एलएसबीएलके -एफ, लोसेटअप -ए आणि एफएसटॅबची नक्कल. अर्ध्या तासाने ‘आधी काय होतं’ असा प्रश्न पडतोच, आणि तेव्हा स्क्रोलबॅक गेलेला असतो.

ही पूर्ण यादी वाचताना सोर्सच्या रकान्याकडे नीट बघा. समजा अशा ओळी दिसल्या:

/एमएनटी/जुना → /डेव्ह/मॅपर/व्हीजी-रूटस्नॅप
/एमएनटी/जुना/डेव्ह → डेव्हटीएमपीएफएस
/एमएनटी/जुना/होम → /डेव्ह/मॅपर/व्हीजी-डेटा[/होम]
/एमएनटी/आयएसओ → /डेव्ह/लूप०

तिसऱ्या ओळीतला चौकोनी कंस म्हणजे हा बाइंड माउंट आहे: डेटा डिस्कवरचं होम नावाचं फोल्डर दुसऱ्या जागीही दिसतंय. ही प्रत नाही. तिथे पुसलेली फाइल खरोखर पुसली जाते. हा कंस नजरेतून सुटला तर काय होतं ते पुढे सांगतो.

एकच माउंट पॉइंट दोनदा दिसला तर एकावर एक असे दोन माउंट लागले आहेत. यूमाउंट वरचा काढतं, खालचा उघडा पडतो. नवा माणूस म्हणतो ‘काढला तरी जात नाही’. तो गेलेला असतो, त्याच्या खालचा दिसत असतो. पुन्हा एकदा काढा.

काही गोष्टींना मात्र उगाच हात लावू नका. स्नॅप पॅकेजांचे लूप माउंट नेहमीच १०० टक्के भरलेले दिसतात, कारण ते फक्त वाचण्यासाठी असलेले स्क्वॉशएफएस असतात. कंटेनर चालू असतील तर ओव्हरले नावाच्या ओळींची रांग दिसेल, तीही नेहमीची. बिनएफएमटी_मिस्कवर ऑटोएफएस दिसतो तो सिस्टिमडीने मुद्दाम ठेवलेला आहे.

‘टार्गेट इज बिझी’

आता काढायला लागू. यूमाउंट म्हटलं आणि उत्तर आलं, टार्गेट इज बिझी. बांबू ओढायच्या आधी त्याच्यावर कोण उभं आहे ते बघायचं, एवढाच त्याचा अर्थ.

निम्म्या वेळा उभे आपणच असतो. शेल त्याच फोल्डरमध्ये असतं, किंवा दुसऱ्या टर्मिनलमध्ये, किंवा टीमक्सच्या विसरलेल्या खिडकीत. आधी सीडी करून बाहेर या. मग:

एफयूझर -व्हीएम /एमएनटी/जुना

आउटपुटमध्ये प्रत्येक प्रोसेससमोर अक्षरं येतात. लहान सी म्हणजे त्या प्रोसेसचं चालू फोल्डर तिथे आहे. ई म्हणजे प्रोग्रॅमची फाइलच तिथून चालते आहे. लहान एफ म्हणजे फाइल उघडी आहे, मोठा एफ म्हणजे लिहिण्यासाठी उघडी आहे. आर म्हणजे ते तिचं रूट फोल्डर आहे, म्हणजे सीएचरूटमध्ये सुरू झालेली सेवा. एम म्हणजे मेमरीत मॅप केलेली लायब्ररी. अपग्रेडनंतर आर आणि एम सर्रास भेटतात: पॅकेज लावताना सीएचरूटच्या आत एखादा डीमन (मागे चालणारी सेवा) सुरू झाला आणि तिथेच राहिला. पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) मिळाला की पीएस करून तो कोण ते बघा आणि सभ्यपणे थांबवा. मोठा एफ असेल तर घाई नको. कुणीतरी काहीतरी लिहीत आहे.

एफयूझरला -के पर्यायही आहे, सगळ्यांना मारणारा. -के आणि -एम एकत्र वापरायचे असतील तर आधी हे वाचा. -एम म्हणजे ‘हा पाथ ज्या फाइल सिस्टिमवर आहे ती पूर्ण’. /एमएनटी/जुना अजून लागलेला असेल तर ठीक. पण तो आधीच निघून गेला असेल, तर तो रूट डिस्कवरचा एक साधा फोल्डर उरतो, आणि कमांड रूट फाइल सिस्टिम वापरणाऱ्या सगळ्या प्रोसेस मारत सुटते. तुमच्या एसएसएचसकट. लिनक्सवर यासाठी मोठ्या एमचा पर्याय आहे: पाथ खरोखर माउंट पॉइंट असेल तरच पुढे जा. तो लावल्याशिवाय -के वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खरं तर -के वापरूच नये; ज्याला मारायचं त्याचं नाव माहीत नसताना मारण्यात काय हशील?

एफयूझरला कुणीच सापडलं नाही आणि तरी बिझी येतं, असंही होतं. मग धरून ठेवणारी प्रोसेस नाही, कर्नलच आहे. आत आणखी एखादा माउंट आहे का, ते फाइंडएमएनटी -मोठा आर आणि पाथ देऊन बघा. त्या डिस्कवरची एखादी फाइल लूप डिव्हाइसला जोडली आहे का, ते लोसेटअप -ए सांगेल. असेल तर आधी आयएसओ उतरवा, मग गरज पडल्यास लोसेटअप -डी. तिथे स्वॅप फाइल आहे का, ते स्वॅपऑन --शो सांगेल. ते फोल्डर एनएफएसने बाहेर वाटलं जातंय का, ते एक्सपोर्टएफएस -व्ही सांगेल. एनएफएसचा सर्व्हर कर्नलच्या आत चालतो, म्हणून एफयूझरला दिसत नाही.

उरला शेवटचा संशयित, दुसरी माउंट नेमस्पेस. कंटेनर, किंवा प्रायव्हेट टीएमपीसारखी सेटिंग असलेली कुठलीही सेवा, सुरू होताना माउंटच्या यादीची स्वतःची प्रत घेते. तुमच्याकडून माउंट काढताना त्या प्रतीतला निघेलच असं नाही. लक्षण ठरलेलं: यूमाउंट बिनतक्रार झालं, फाइंडएमएनटीमध्ये काही नाही, पण एलव्हीरिमूव्ह (व्हॉल्यूम पुसणारी कमांड) किंवा एफएससीके (फाइल सिस्टिम तपासणारी) म्हणतं की डिव्हाइस वापरात आहे. तेव्हा सगळ्या प्रोसेसच्या यादीत शोधा:

ग्रेप -एल रूटस्नॅप /प्रॉक/*/माउंटइन्फो

ज्या पीआयडींची नावं येतील ती सेवा रीस्टार्ट केली की गाठ सुटते.

आतून बाहेर

उतरवण्याचा क्रम लावल्याच्या उलटा. आधी /एमएनटी/जुना/डेव्ह/पीटीएस, मग /डेव्ह, मग होम, शेवटी /एमएनटी/जुना. यूमाउंटला मोठ्या आरचा पर्याय दिला की हे सगळं तेच क्रमाने करतं.

पण इथे एक सापळा आहे. सीएचरूटसाठी /डेव्ह जोडताना पुष्कळ लोक आर-बाइंड वापरतात, म्हणजे आतल्या उप-माउंटांसकट जोडणी. सिस्टिमडी सुरू होताना सगळे माउंट ‘शेअर्ड’ करून ठेवतं, त्यामुळे एका बाजूला झालेला बदल दुसऱ्या बाजूलाही पोचतो. तुम्ही /एमएनटी/जुना/डेव्हवर मोठ्या आरचं यूमाउंट चालवलं की आतला पीटीएस निघतो, आणि तो बदल उलटा जाऊन सर्व्हरचा खरा /डेव्ह/पीटीएसही निघतो. मग नवं एसएसएच सेशन टर्मिनल देत नाही आणि कारण कुणाला कळत नाही. त्यामुळे आर-बाइंड दिसला की आधी:

माउंट --मेक-आरस्लेव्ह /एमएनटी/जुना/डेव्ह

आणि मगच यूमाउंट. आता बदल एकाच दिशेने जातील, खऱ्या /डेव्हला धक्का लागणार नाही.

आता तो चौकोनी कंस. एका अपग्रेडनंतर मी /एमएनटीखालचा जुना सीएचरूट आवरत होतो. प्रॉक, सिस, डेव्ह उतरवले, एलएस मारलं, फोल्डर ‘रिकामे’ दिसले, आणि आरएम -आरएफ दिलं. होम बाइंड केलेलं आहे हे विसरलो. कमांड अपेक्षेपेक्षा जास्त वेळ घेतेय असं वाटून कंट्रोल-सी दाबलं तोवर लोकांची फोल्डर निम्मी पुसून झाली होती. बॅकअप आदल्या रात्रीचा होता म्हणून निभावलं; आगीतून फुफाट्यात जायला मला एक एंटर पुरला.

त्यावर लोक सांगतात की आरएमला --वन-फाइल-सिस्टिम पर्याय लावा. लावा जरूर, पण त्याची मर्यादा लक्षात असू द्या. तो पर्याय डिव्हाइसचा क्रमांक बघतो. तुमचा सीएचरूट आणि बाइंड केलेलं फोल्डर एकाच फाइल सिस्टिमवर असतील तर दोन्हींचा क्रमांक एकच, आणि आरएम मजेत आत शिरतं. त्यामुळे पुसण्याआधी फाइंडएमएनटीच्या यादीत तो पाथ ग्रेप करायचा, एकही ओळ येत नाही हे डोळ्यांनी बघायचं. त्याहून बरं म्हणजे रिकामं फोल्डर आरएमडीआरने काढायचं. आत काही असेल किंवा तो माउंट पॉइंट असेल तर आरएमडीआर नकार देतं, आणि अशा वेळी नकार हवाच असतो.

लेझी यूमाउंट: झाकली मूठ

बिझी आलं की इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो यूमाउंट -एलचा. ते लगेच यशस्वी होतं, यादी स्वच्छ दिसते. पण फाइल सिस्टिम फक्त झाडावरून सुटलेली असते. ज्यांनी फाइली उघडल्या आहेत ते अजून तिच्यावर लिहीत असतात. शेवटची फाइल बंद होईपर्यंत ती जिवंतच राहते, फक्त आता ती तुम्हाला दिसत नाही आणि एफयूझरला पाथ द्यायची सोयही गेली. त्यानंतर कुणी त्या डिव्हाइसवर एफएससीके चालवायला गेलं किंवा सॅनवरून (नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यातून) डिस्क काढून घेतली, तर नुकसान होऊ शकतं.

चूक झालीच असेल तर ती फाइल सिस्टिम जिवंत आहे का ते तपासायची एक सोपी जागा आहे. ईएक्सटी४ असेल तर /सिस/एफएस/ईएक्सटी४ आणि एक्सएफएस असेल तर /सिस/एफएस/एक्सएफएस या फोल्डरात डिव्हाइसच्या नावाचं, उदाहरणार्थ डीएम-३, उप-फोल्डर दिसतं का बघा. दिसतं तोवर कर्नलने तिला सोडलेलं नाही. डीएम-३ म्हणजे कुठला व्हॉल्यूम ते एलएस -एल /डेव्ह/मॅपर सांगतं.

मेलेला एनएफएस

लेझीची खरी जागा इथे आहे. अपग्रेडमध्ये एनएफएस सर्व्हरचं नाव, आयपी किंवा एक्सपोर्ट बदललं आणि क्लायंटवर जुना माउंट राहिला, की दोन प्रकार दिसतात. सर्व्हर उत्तर देतो पण ‘स्टेल फाइल हँडल’ म्हणतो, किंवा उत्तरच येत नाही आणि हात लावेल ती प्रोसेस गोठते. एनएफएसचा माउंट ‘हार्ड’ असतो, हीच त्याची मूळ सेटिंग, आणि हार्ड म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत वाट बघत राहणं.

मी पाहिलेल्या एका सर्व्हरवर लोड अॅव्हरेज तीनशेच्या वर होतं आणि सीपीयू जवळजवळ रिकामा. जागेवर लक्ष ठेवणारी स्क्रिप्ट दर मिनिटाला डीएफ चालवत होती, प्रत्येक डीएफ मेलेल्या एनएफएसवर अडकत होतं, आणि लिनक्स अशा ‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेसही लोडमध्ये मोजतं. पीएसमध्ये डीएफची रांग बघितल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. त्याआधीचे दोन तास आम्ही डेटाबेसला दोष देत होतो.

क्रम असा ठेवा. आधी नवीन प्रोसेस तिथे जाऊन अडकू नयेत म्हणून ती स्क्रिप्ट थांबवा. मग यूमाउंट -एफ. एनएफएससाठी हा पर्याय अडकलेल्या विनंत्या रद्द करतो. अडकलेल्या प्रोसेसना किल -९ द्या, लिनक्स २.६.२५ पासून एनएफएसवर थांबलेली प्रोसेस त्याने तरी मरते. इतकं करूनही निघालं नाही तर -एफ आणि -एल एकत्र. आणि त्या फोल्डरमध्ये ‘बघू काय आहे’ म्हणून एलएस करू नका; टॅब दाबून नाव पूर्ण करायला गेलात तरी शेल अडकतं.

सिस्टिमडीचं शिळं युनिट

हा प्रकार पहिल्यांदा भेटतो तेव्हा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतो. डेटा डिस्कची एफएसटॅबमधली ओळ तुम्ही दुरुस्त केली, माउंट /डेटा म्हटलं, एकही चूक दाखवली गेली नाही. एलएस मारलं तर फोल्डर रिकामं. पुन्हा माउंट, पुन्हा रिकामं.

होतं असं, की सिस्टिमडीकडे डेटा.माउंट हे युनिट जुन्या ओळीवरून बनलेलं आहे आणि ते जुन्या डिव्हाइसला बांधलेलं आहे. ते डिव्हाइस आता नाही. तुम्ही माउंट करता, सिस्टिमडी बघतं की युनिटचा आधार गायब आहे, आणि लगेच उतरवून टाकतं. जर्नलसीटीएलमध्ये ‘अनमाउंटिंग /डेटा’ अशी ओळ सापडते. इलाज एका ओळीचा:

सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड

एफएसटॅबला हात लावला की दर वेळी ही कमांड द्यायची सवय लावा. अलीकडचं माउंट स्वतःच तशी सूचना छापतं, पण ती वाचतो कोण? अपयशी आणि शिळी युनिटं बघायला सिस्टिमसीटीएलला लिस्ट-युनिट्स, --ऑल आणि --टाइप=माउंट द्या. नावात स्लॅशच्या जागी हायफन येतो, म्हणून /व्हार/लॉगचं युनिट व्हार-लॉग.माउंट होतं, फोल्डरच्या नावातच हायफन असेल तर त्याचं \एक्स२डी होतं.

स्नॅपशॉटची जुळी ओळख

आता ते ‘दोन्हीकडे आहे पण डिव्हाइस वेगळी’. अपग्रेडआधी शहाण्या माणसाने रूटचा एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था) स्नॅपशॉट घेतलेला असतो. स्नॅपशॉट म्हणजे ब्लॉकची हुबेहूब प्रतिमा, त्यामुळे त्याचा फाइल सिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांकही, तोच. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी लिहिला असेल तर तो आता दोघांना लागू पडतो, आणि लागेल तो मूळच असेल याची खात्री नाही. सर्व्हर चालतो, सगळं ठीक दिसतं, आणि आठवड्याने कुणी ‘जुना स्नॅपशॉट’ पुसायला जातं तेव्हा कळतं की आपण त्याच्यावरच उभे आहोत.

म्हणून स्नॅपशॉटला हात लावण्याआधी फाइंडएमएनटी / मारून सोर्स वाचा. एलव्हीएम असेल तर एफएसटॅबमध्ये यूयूआयडीऐवजी /डेव्ह/मॅपरखालचं नाव लिहिणं सुरक्षित, ते व्हॉल्यूमगणिक वेगळं असतं. साध्या पार्टिशनसाठी मात्र यूयूआयडीच बरा, कारण एसडीए, एसडीबी ही नावं बूटगणिक बदलू शकतात. एक्सएफएस जुळा यूयूआयडी असलेला दुसरा माउंट सरळ नाकारतं. स्नॅपशॉट बघायचाच असेल तर नोयूयूआयडी पर्याय आणि फक्त-वाचन असा लावा. बीटीआरएफएसच्या ब्लॉक-प्रती मात्र एकाच सर्व्हरला एकाच वेळी दाखवूच नका, ते दोघांना एकच समजून गोंधळतं.

माउंटखाली गाडलेला डेटा

डीएफ म्हणतं रूट ९५ टक्के भरला, डीयू (फोल्डरांतल्या फाइलींची बेरीज करणारी कमांड) म्हणतं एवढं काहीच नाही. पुसलेली पण उघडी असलेली फाइल हे नेहमीचं कारण, ते एलएसओएफ +मोठा एल१ ने तपासा. ते नसेल तर अपग्रेडच्या वेळचा प्रसंग आठवा: एका बूटमध्ये डेटा डिस्क लागली नाही, सेवा तरी सुरू झाली आणि रिकाम्या /डेटा फोल्डरमध्ये, म्हणजे रूट डिस्कवर, लिहीत राहिली. पुढे डिस्क लागली आणि ते सगळं तिच्याखाली झाकलं गेलं. काढून बघायला सेवा बंद करायची गरज नाही:

माउंट --बाइंड / /एमएनटी/नुसतारूट

साधा बाइंड आतले उप-माउंट सोबत आणत नाही, त्यामुळे /एमएनटी/नुसतारूट/डेटा उघडलं की खाली गाडलेल्या फाइली दिसतात. कामाच्या असतील त्या हलवा, मग हा बाइंड आठवणीने काढा, नाहीतर पुढच्यासाठी तुम्हीच एक बांबू ठेवून गेलात. पुन्हा असं होऊ नये म्हणून डिस्क उतरलेली असताना रिकाम्या माउंट पॉइंटला सीएचअॅटर +आय (फोल्डरात काही लिहू न देणारा गुण) लावता येतं. डिस्क लागली नाही तर सेवा लिहिताना सरळ नापास होते.

लिनक्स नसेल तर

तत्त्व तेच, फाइलींची नावं वेगळी. सोलॅरिसवर एफएसटॅबच्या जागी व्हीएफएसटॅब, आणि कर्नलची यादी /ईटीसी/एमएनटीटॅबमध्ये. सोलॅरिस ८ पासून एमएनटीटॅब ही खुद्द कर्नलने दाखवलेली, फक्त वाचता येणारी यादी आहे, त्यामुळे ती संपादित करायला जाऊ नका. लाइव्ह अपग्रेड केलं असेल तर जुनं बूट एन्व्हायर्न्मेंट (बूट करता येणारी प्रणालीची पूर्ण प्रत) /.ऑल्ट.नाव अशा पाथवर लागलेलं सापडतं, आणि ते लागलेलं असेतो एलयूडिलीट अडतं. एलयूस्टेटस बघा आणि एलयूयूमाउंटने उतरवा. सोलॅरिस ११ वर हेच काम बीईएडीएम करतं, फ्रीबीएसडीवर बीईसीटीएल. एआयएक्सवर पर्यायी डिस्कची प्रत /ऑल्ट_इन्स्टखाली लागते. ती हाताने एकेक उतरवू नका, ऑल्ट_रूटव्हीजी_ऑपला मोठ्या एसचा पर्याय देऊन झोपवा. ज्या साधनाने माउंट लावला त्यानेच काढायचा, कारण त्याची स्वतःची वहीही असते आणि तुम्ही परस्पर काढलं की ती वही चुकते.

झेडएफएस असेल तर एफएसटॅबमध्ये शोधून काही मिळणार नाही. माउंट पॉइंट डेटासेटच्या गुणधर्मातच लिहिलेला असतो. जुन्या बूट एन्व्हायर्न्मेंटच्या /व्हारवर कॅनमाउंट ‘ऑन’ राहिला तर तो नव्या /व्हारच्या जागेवर हक्क सांगतो. तो ‘नोऑटो’ करा.

शेवटी एफएसटॅब आणि एक ठरवून केलेला रीबूट

जे काढलं त्याच्या एफएसटॅबमधल्या ओळी बाद करा. निदान आठवडाभर त्या पुसू नका, ओळीच्या सुरुवातीला हॅश लावून ठेवा. मग:

फाइंडएमएनटी --व्हेरिफाय

ही कमांड न सापडणारी डिव्हाइस, नसलेले फोल्डर, चुकीचे प्रकार दाखवते. त्यानंतर डीमन-रीलोड, मग माउंट -ए. ज्या डिस्कशिवायही सर्व्हर उठायला हवा तिच्या ओळीत नोफेल लिहा. ते नसेल तर हरवलेल्या डिस्कसाठी सिस्टिमडी ९० सेकंद थांबतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातं, जिथे एसएसएच नसतं. डेटाबेसच्या डिस्कला मात्र नोफेल लावू नका; ती नसताना सेवा सुरू होण्यापेक्षा सर्व्हर अडलेला बरा. लावायचाच असेल तर सेवेच्या युनिटमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर लिहा (सलग एकच शब्द; आर, एम आणि एफ मोठे).

आणि मग कन्सोल हाताशी असताना, लोक ऑफिसात असताना, रीबूट करा. उठल्यावर पर्यायाशिवाय चालवलेल्या फाइंडएमएनटीचं आउटपुट सुरुवातीला जपून ठेवलेल्या यादीशी डिफ करून बघा. फरकात फक्त तुम्ही काढलेल्या ओळी दिसायला हव्यात. एखादी परत आली असेल तर ती लावणारं कुणीतरी अजून शिल्लक आहे: आरसी.लोकलमध्ये, क्रॉनच्या ‘अॅट रीबूट’ ओळीत, ऑटोएफएसच्या नकाशात, किंवा /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम फोल्डरात कुणीतरी हाताने लिहिलेल्या माउंट युनिटमध्ये. ग्रेपला तो पाथ द्या आणि पूर्ण /ईटीसीवर सोडा.